घुमीनं न सांगितलेलं

आमच्या प्रार्थनामंदिरात शिरताना डाव्या हाताला एक पाटी आहे. 'सोबती सेवा. कठीण दिवसांत एकटे राहू नका. प्रशिक्षित सोबती तुमचं ऐकेल. तुमची गोष्ट तुमचीच राहील.' खाली कार्यालयाचा फोन नंबर. ही पाटी दरवर्षी नव्यानं रंगवतात. तिच्यातली शेवटची ओळ वाचली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि उपासनेला जायचं तर ती दर आठवड्याला वाचावीच लागते. मी जिच्याबद्दल लिहितेय ती बाईही त्याच पाटीखालून आत जाते. तिला राग येतो की नाही, ते मला माहीत नाही. मला तिच्या वाटचाही येतो.

तिला सगळे घुमी म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. विचारलं तेवढंच बोलणार, तेही मोजून. गायकवृंदात तिला घेतली होती, तिथंही ती गाते की नुसते ओठ हलवते यावर बायकांची पैज लागली होती.

पंचवीस वर्षं ती एका लाँड्रीच्या काउंटरवर उभी आहे. कपडे घ्यायचे, डाग कशाचा ते विचारायचं, कॉलरच्या आत नंबराची चिंधी टाचायची, आणि मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासायचे. माणसं खिशात काय काय विसरतात त्याला सुमार नाही. डॉक्टरांचे रिपोर्ट, वकिलाच्या चिठ्ठ्या, बायकोचं नसलेलं कानातलं. घुमी ते सगळं बघून न बघितल्यासारखं करून एका पाकिटात घालते, पाकीट पिन मारून बंद करते आणि इस्त्री झालेल्या कपड्याच्या हँगरला लटकवते. मालक गिऱ्हाइकांना हसत सांगतो, "हिनं तोंड उघडलं तर निम्म्या शहराचे संसार मोडतील." घुमी म्हणते, "खिसे बघायचे असतात, वाचायचे नसतात." आणि पुढचा सदरा ओढते.

चार वर्षांपूर्वी आमच्या पाळकसाहेबांनी सोबती सेवा काढायचं जाहीर केलं. आजारपण, मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं अशा वेळी मंडळीतला एक शिकवून तयार केलेला माणूस आठवड्यातून एक तास एकाच दुःखी माणसाला द्यायचा. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. पहिल्या संध्याकाळी तिसेक जण आले. जगाला चार गोष्टी सुनावायची हौस असलेले आमच्यात पुष्कळ आहेत. पाळकसाहेबांनी पहिला नियम सांगितला: सल्ला द्यायचा नाही. दुसरा: समोरचा रडत असेल तर त्याच्यावर शास्त्रवचनांचा मारा करायचा नाही. दुसऱ्या संध्याकाळी तेरा जण उरले. पन्नास तासांचं शिक्षण संपेपर्यंत सात, आणि त्यात घुमी. दोघादोघांच्या जोड्या करून सराव करायचा असे, एकानं दुःखी व्हायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. घुमीसमोर दुःखी होण्याचं सोंग करायला बसलेली गायकवृंदातली बाई खरोखर हुंदके द्यायला लागली, आणि तिला घरी सोडून यावं लागलं. तेव्हाही लोक हसलेच. मग एका रविवारी सातही जणांना वेदीपुढं गुडघ्यांवर बसवून, डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून सेवेसाठी नेमलं. टाळ्या झाल्या.

माझ्याकडं ती आली तेव्हा माझी आई तीन वर्षं अंथरुणाला होती. अंग ताठत जाण्याचं दुखणं. दिवसातून पाच वेळा गोळी दिली तरच तिचे हातपाय हलतात, आवाज फुटतो. गोळीचा अंमल उतरला की ती लाकडासारखी पडून राहते, डोळे तेवढे उघडे. याच आईनं चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं. मंडळीतला निम्मा माणूस तिच्या हाताखालून गेलाय. मी शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. लग्न केलं नव्हतं, त्यामुळं आई कोणाकडं राहणार हा प्रश्नच कोणी विचारला नाही. दादा आणि वहिनी दोन गल्ल्या सोडून राहतात आणि येतात, बसतात, आईच्या कपाळावर हात ठेवतात आणि जातात. नोकरी मी सोडली.

मंगळवारी पाच वाजता आईला आंघोळ घालायला आया येई. त्याच वेळी घुमी येई. स्वयंपाकघराचं दार लोटून आम्ही दोघी बसत असू, मी ओट्याला टेकून, ती फ्रिजजवळच्या स्टुलावर. पहिले तीन मंगळवार मी फक्त डॉक्टर, औषधं, चादरी असलं बोलले. तिनं 'हं'च्या पलीकडं काही केलं नाही. चौथ्या मंगळवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गेली तर बरं होईल असं मला वाटतं. तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी." बोलले आणि वीज अंगावर पडायची वाट बघत उभी राहिले. घुमीनं मान हलवली. "किती दिवस वाटतंय?" एवढंच विचारलं. मी ढसाढसा रडले, आणि बऱ्याच दिवसांनी मला नीट भूक लागली.

तिची एक पद्धत होती. शिकवलं सगळ्या सोबत्यांना होतं, पाळत तीच होती. तास संपला, पर्स खांद्याला लावली की ती विचारायची, "यातलं काही मी कुठं बोलले तर चालेल का?" मी म्हणायची, "नाही." मग ती म्हणायची, "मग नाही." दर मंगळवारी. मला हसू यायचं. बँकेत सही जुळवतात तसं वाटायचं.

आता माझी चूक. एका दुपारी वहिनी आली होती, आणि आईची मालिश कशी करावी यावर मला शिकवत होती. तिनं स्वतः एकदाही केली नव्हती. माझा तोल सुटला. मी घुमीला सांगितलेलं तर बोललेच, पण त्यापुढचंही बोलले, जे घुमीला सांगायची माझी छाती झाली नव्हती. की कधीकधी मी दुपारची गोळी मुद्दाम अर्धा तास उशिरा देते. गोळी दिली नाही की आई ताठते, तिला हाक मारता येत नाही, आणि तेवढा अर्धा तास मी गॅलरीत नुसती बसते. वहिनी पांढरीफटक पडली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ताई, मी प्रार्थना करीन." मला बरं वाटलं. पुढच्या मंगळवारी मी घुमीला सांगितलं की काल-परवा वहिनीपाशी जरा जास्तच बोलून बसले. काय बोलले ते नाही सांगितलं. घुमी म्हणाली, "हं."

आठवडाभरात मंडळीतल्या बायका माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. भाजीच्या दुकानात एकीनं माझा हात दाबला आणि "धीर धर, मोहावर विजय मिळेल" म्हणाली. मला काही उलगडेना. मग कळलं की बायकांचा फोनवर एक प्रार्थनागट आहे, त्यात माझ्याविषयी विनंती आली होती. नाव नव्हतं. पण घरी आजारी आई असलेली आणि लग्न न झालेली बाई आमच्यात कितीशा आहेत? मी त्या गटात नव्हते. विनंती कोणी टाकली हेही कोणी सांगेना, तिथं 'एका बहिणीकडून' एवढंच लिहायची पद्धत. सगळ्यांनी मिळून एकच निष्कर्ष काढला. माझ्या घरी दर मंगळवारी कोण जातं? घुमी जाते.

आणि मीही तोच काढला. हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवते. मी दोघींना सांगितलं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण वहिनी घरची. घरच्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे दादाशी वाकडं आलं, आईच्या उशाशी भांडण आलं. लाँड्रीतल्या बाईवर घ्यायला काय जातं?

पंचमंडळाची सभा बोलावली. आमचे कार्यवाह निवृत्त भूमापक आहेत. मंडळीत त्यांचं नाव फूटपट्टी. सगळ्या गोष्टी त्यांना सरळ रेषेत लागतात. कार्यालयाच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला पंच, एका बाजूला मी, आणि टोकाला खुर्चीत घुमी, लाँड्रीच्या कामाचा निळा कोट घालूनच आलेली. पाळकसाहेब खिडकीपाशी. उरलेले सहा सोबतीही होते, शिस्त कळावी म्हणून बोलावलेले.

फूटपट्टी म्हणाले, "तुम्ही हे कोणाकोणाला सांगितलंत?"

घुमी म्हणाली, "कोणाला नाही."

"मग बाहेर कसं गेलं? तुमच्याशिवाय कोणाला माहीत होतं?"

घुमीनं माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाकडं पाहत होते. तिनं नेहमीच्याच आवाजात विचारलं, "यातलं काही मी इथं बोलले तर चालेल का?"

तिला वहिनीबद्दल सांगायचं होतं हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. सुचलं होतं. पण ती बोलायला लागली तर आणखी काय काय निघेल याची मला धडकी भरली. मी म्हणाले, "नाही."

"मग नाही," घुमी म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवले.

फूटपट्टींनी वहीत काहीतरी लिहिलं. "म्हणजे यांच्याकडं उत्तर नाही," ते म्हणाले. नियमानं चालणारी एकच बाई त्या खोलीत होती, आणि तिच्यावरच नियमभंगाचा ठपका बसला. पन्नास तास ऐकायला शिकलेले सहा जण भिंतीला टेकून होते. एकालाही ऐकू आलं नाही की ती परवानगी मागतेय, म्हणजे तिच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी आहे. आणि ज्यांनी हा प्रश्न विचारायला शिकवला ते पाळकसाहेब, ते खिडकीतून बाहेर झाडाकडं बघत होते. कोणाला दुखवायचं नाही हा त्यांचा स्वभाव. त्या दिवशी एकीला दुखवणं चालून गेलं.

रविवारी सूचनांच्या वेळी घुमीला सेवेतून काढल्याचं वाचून दाखवलं. नाव घेऊन. प्रार्थनाविनंतीत नाव घ्यायचं नसतं, पण बडतर्फ करताना घेतात. घुमी शेवटून दुसऱ्या बाकावर होती. पुढचं गीत सुरू झालं तेव्हा ती सगळ्यांबरोबर उभी राहिली.

माझ्याकडं नवी सोबती पाठवली. बाई मनानं चांगली, हेही सांगायला हवं. पण ती येताना कागदावर मुद्दे काढून आणायची, आणि मी तोंड उघडलं की तिच्या मावससासूला असंच झालं होतं. दोन मंगळवारांनी मी तिला सांगितलं की आता मला बरं वाटतं. तिनं कार्यालयात तसं कळवलं, आणि मी बरी झालेली म्हणून त्यांच्या वार्षिक अहवालात गेले.

महिनाभरानं गायकवृंदातली ती बाई, जी सोंग करता करता खरंच रडली होती, माझ्या दारात आली. आत बसली नाही. "मला राहवेना. तुम्ही हे वाचलंय का कधी?" म्हणून तिनं फोन पुढं केला. मी त्या दिवशी तो संदेश पहिल्यांदा वाचला. 'आपली एक बहीण आजारी आईच्या सेवेत थकली आहे. शत्रू तिच्या मनात वाईट विचार घालतो. ती औषध मुद्दाम अर्धा तास उशिरा देते. तिच्या सुटकेसाठी कळकळीनं प्रार्थना करावी.' खाली जोडलेल्या हातांची सतरा चित्रं.

अर्धा तास. ते मी घुमीला कधी सांगितलंच नव्हतं.

तशीच चप्पल घालून वहिनीकडं गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारल्यावरही तिचे हात थांबले नाहीत.

"मी प्रार्थनेसाठीच टाकलं, ताई. नाव कुठं घेतलं मी?"

"आणि त्या बाईचं नाव घेतलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"मला वाटलं, तीही कुठं बोलली असेल. मी कशाला मध्ये पडू?"

मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी माझे हात माझ्या काखेत घट्ट धरून मी घरी आले. तिला चाड नाही, पश्चात्ताप नाही, वर प्रार्थना केल्याचं पुण्य पदरात.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टींना आणि पाळकसाहेबांना कार्यालयात गाठलं, सगळं सांगितलं. फूटपट्टींनी चष्मा पुसला. म्हणाले, "आता ते प्रकरण मिटलंय. पुन्हा उकरलं तर तुमच्याच घरची अब्रू जाईल. आपण त्यांना हळूच कळवू, की पुढच्या वर्षी पुन्हा नाव द्या." मी विचारलं, "काढलंत तेव्हा माईकवरून. परत घेताना हळूच का?" पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्या आईंच्या कानावर गेलं तर? त्यांचा विचार करा." तेवढं मात्र त्यांचं खरं होतं. म्हणूनच मी इतके दिवस गप्प होते, आणि हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मी घरी आले, आईला गोळी दिली, तिचा आवाज मोकळा होईपर्यंत थांबले आणि तिला सांगितलं. सगळं. ती गेली तर बरं वाटेल ते, गॅलरीतलं, वहिनीचं, घुमीचं. सांगताना माझं नाक वाहत होतं आणि मी ते तिच्याच चादरीला पुसत होते.

आई छताकडं बघतच म्हणाली, "अर्धा नाही. पाऊण तास. समोर घड्याळ आहे, मला दुसरं काय बघायचं असतं?"



"रागावलीस?" मी विचारलं.

"रागावले ना. पहिल्या दिवसापासून रागावलेय. ताठले असले की बोलता येत नाही, आणि बोलता यायला लागलं की तू चहा घेऊन येतेस." मग म्हणाली, "त्या लाँड्रीवालीला माझ्या अब्रूसाठी बळी दिलंत होय? मला विचारलं कोणी? रविवारी मला घेऊन चल."

रविवारी चाकाच्या खुर्चीतून नेली. सूचना सुरू झाल्या आणि मी उभी राहिले. सांगितलं की गोष्ट माझ्या घरातून बाहेर गेली, घुमीकडून नाही, आणि घरात ती मीच सांगितली होती. ज्या बाईला तुम्ही काढलंत तिनं पंचांसमोर माझ्याकडं बोलायची परवानगी मागितली आणि मी ती दिली नाही. फूटपट्टी उठले, "बसा, ही उपासना आहे, ही जागा नव्हे." आईचा आवाज कागद फाटल्यासारखा निघतो, पण निघाला. "तू बस. तिला बोलू दे." रविवारच्या शाळेत पाच वर्षं तिच्यापुढं बसलेला माणूस, तो बसला. वहिनी मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत होती. मी विनंतीतलं एकूण एक वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं, अर्ध्याच्या जागी पाऊण तास करून.

घुमी त्या दिवशी आली नव्हती. माझी एवढी मोठी शूर कामगिरी जिच्यासाठी, तिनंच ऐकली नाही. दुपारी कोणीतरी तिला सांगितलं म्हणे. पाळकसाहेब स्वतः तिच्या घरी जाऊन माफी मागून आले. पुढच्या रविवारी माईकवरून नाव घेऊन परत नेमणूक जाहीर झाली, आणि टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. आपल्याच चुकीचं कौतुक करायला आमच्या लोकांना फार आवडतं.

सोमवारी मी लाँड्रीत गेले. ती एका कोटाचे खिसे उलटे करत होती. मी माफी मागितली. पाठ केलेली चार वाक्यं होती, ती अडखळत म्हटली. ती ऐकत राहिली, शेवटपर्यंत, जशी नेहमी ऐकायची.

मग म्हणाली, "पंचांना खरं वाटलं नाही, त्याचं मला फारसं काही नाही. त्यांचं-माझं कधी बोलणं नव्हतं. पण मी 'कोणाला नाही' म्हणाले, तेव्हा तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही."



"तुम्ही परत याल का?" मी विचारलं. "मंगळवारी."

"नाही," ती म्हणाली. "मला दुसरं घर दिलंय."

"मग मी कोणाशी बोलू?"

तिनं कोटाच्या कॉलरला चिंधी टाचली, टोक दातांनी तोडलं. "आईंशी बोला की. त्या जाग्याच असतात."

मागून एक गिऱ्हाईक पावती घेऊन आलं. मी बाजूला झाले. मला तिचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो, आणि आईच्या खोलीत खुर्ची ओढून बसले की जास्तच येतो, कारण ती म्हणाली ते खरं होतं, आणि तीन वर्षं ते मला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं.